सिंबल घासून लखलखीत करावेत की काळवंडू द्यावेत?

पुणेरी ठेका
आमच्या वाद्यवृंदात नव्याने आलेल्या एका मुलाने गेल्या आठवड्यात, मला न विचारता, माझी बारा वर्षे वापरातली २० इंची राईड (ड्रमसेटमधला ठेका धरण्याचा मोठा सिंबल, म्हणजे काशाची झांज) चिंच आणि मीठ लावून देवघरातल्या समईसारखी उजळून ठेवली. हेतू चांगला होता, म्हणून रागावता आले नाही; परंतु पहिला टोला मारताच जाणवले की, इतक्या वर्षांत मुरलेला तो खोल, किंचित कोरडा नाद गेला असून नुसता खणखणाट उरला आहे. वर छापलेले नावही निम्मे पुसले गेले. काशावर कालांतराने चढणारी तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

मडगावचा ड्रमर
हे मत कोरड्या हवेत राहणाऱ्यांना परवडते. आमच्याकडे फेस्ताच्या रात्री उघड्या मांडवात वाजवून, घामट हातांनीच सिंबल पिशवीत कोंबले, तर पावसाळ्यात आठवड्याभरात बोटांच्या ठशांच्या जागी हिरवी पुटे दिसू लागतात. चांगल्या सिंबलमध्ये ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील असते, स्वस्तातल्या कित्येकांमध्ये हे प्रमाण ९२ आणि ८ असते. दोन्हींतल्या तांब्याला घामातले आणि खाऱ्या हवेतले मीठ सारखेच लागते. तपकिरी झाक पातळ आणि बऱ्यापैकी स्थिर असते, हे मान्य. पण हिरवे पूट धातू खात जाते, त्याला वयाचा मान कसला द्यायचा? मी प्रत्येक कार्यक्रमानंतर कोरड्या सुती कापडाने सिंबल पुसतो आणि दोन-तीन महिन्यांनी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून, चक्राकार चरांच्या दिशेनेच हात फिरवून धुतो. आडवे घासले की चरांतली घाण चरांतच राहते.

एक श्रोता, अधूनमधून वादक
नादाबद्दल थोडी शंका आहे. मी माझी हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) धुण्याआधी आणि धुतल्यानंतर, त्याच खोलीत त्याच काठ्यांनी वाजवून ध्वनिमुद्रित केली होती. पुढे महिन्याभराने ऐकताना आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे मलाच ओळखता आले नाही. चरांत मळाचा जाड थर साचला असेल, तर वरचे सूर दबणे समजू शकते. परंतु नुसत्या झाकेला एवढे श्रेय देताना डोळ्यांनी कानांना फसवले नाही ना, हेही तपासावे.

पुणेरी ठेका
मडगावकरांचा घामाचा मुद्दा मला मान्य आहे आणि कोरड्या कापडाला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो चिंचेला. विचारल्यावर कळले की, त्या मुलाने घरी तांब्याचे हंडे ठेवतात तशी राईड अर्धा तास लेप लावून ठेवली आणि नंतर केवळ ओल्या फडक्याने पुसली. म्हणजे आम्लाने झाक गेली आणि मीठ मात्र चरांत तसेच राहिले.

मडगावचा ड्रमर
मग आजच ती भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडी करा, नाहीतर ज्या हिरव्या पुटांबद्दल मी सांगतो आहे, ती तुम्हाला पुण्यातच पाहायला मिळतील. कारखान्यातूनच पारदर्शक थर देऊन आलेल्या सिंबलवर तर असले प्रयोग मुळीच करू नयेत, कारण तो थर जागोजागी निघाला की पृष्ठभाग कबरा होतो.

जुन्या ऑर्केस्ट्रातला
दोघेही वरवरच्या रंगावर भांडत आहात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या सिंबलपैकी डागांमुळे निकामी झालेला एकही आठवत नाही; बहुतेक मधल्या, स्टँडवर बसवायच्या भोकापासून गेलेले असतात. स्टँडवरची प्लॅस्टिकची नळी हरवते, फेल्ट, म्हणजे नमद्याची गादी, झिजून पापडासारखे होते, वरची चकती माणूस करकचून आवळतो, आणि सिंबल मोकळा डुलण्याऐवजी उघड्या लोखंडावर घासत राहतो. मग भोक लांबट होते आणि तिथूनच बारीक चीर सुरू होते. पुणेकरांनी धुण्याआधी भोक पाहावे.

पुणेरी ठेका
पाहिले. एका बाजूला अंडाकृती झाले आहे आणि नळी माझ्याच पिशवीच्या तळाशी सापडली.