केअर व्हिसा बंद केला ते ठीक, पण केअर एजन्सी चालवायची कशावर?

रानजाई
इंग्लंडमधे मिडलंड्सला माझी छोटी होमकेअर एजन्सी आहे, ४२ जण कामाला आहेत आणि जवळपास सगळे कॉल (घरी जायच्या भेटी) कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक प्रशासनाने पैसे दिलेले. म्हाताऱ्या माणसांना सकाळी उठवणं, आंघोळ, औषधं, जेवण, रात्री झोपवणं हे काम. गेली दोन वर्षं आमच्यासाठी ज्या बातम्या येतायत त्या वाचून झोप उडालीये म्हणून हा धागा.

एप्रिल २०२५ पासून मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याचा कर) १३.८ वरून १५ टक्के झाला, आणि पूर्वी तो वर्षाच्या ९,१०० पाउंडांच्या वरच्या पगारावर लागायचा, आता ५,००० च्या वर लगेच लागतो. आठवड्याला ३० तास करणाऱ्या एका मुलीमागे पूर्वी मी वर्षाला साधारण १,२०० पाउंड भरायचे ते २,१०० झालेत. किमान वेतन तासाला ११.४४ चं १२.२१ पाउंड झालं, एप्रिल २०२६ पासून १२.७१. मुलींचा पगार वाढला याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, तो वाढायलाच हवा होता. पण होमकेअर असोसिएशनचा (एजन्सीवाल्यांच्या संघटनेचा) हिशोब आहे की २०२५-२६ साठी इंग्लंडमधे तासाला किमान ३२.१४ पाउंड मिळाले तरच कायद्याप्रमाणे पगार देऊन एजन्सी चालते. मला कौन्सिल देतं २५ च्या आत.

त्यात २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअरर (देखभाल करणारे) व्हिसावर आणणंच सरकारने बंद केलं. फेअर पे अ‍ॅग्रीमेंट (केअररचा पगार ठरवणारा करार) आणतोय म्हणतात, त्यासाठी ५० कोटी पाउंड ठेवलेत, ते २०२८ ला. केअर व्यवस्था सुधारायला नेमलेल्या लुईझ केसींच्या आयोगाचा शेवटचा अहवाल, तोही २०२८. मधली वर्षं आम्ही काय करायचं? माझं म्हणणं एवढंच की आधी रेट वाढवायचा आणि मग व्हिसा बंद करायचा, उलटं केलं.

भीमथडी
ताई राग मानू नका पण दुसरी बाजू पण ऐका. मी २०२३ ला सातारा जिल्ह्यातून केअर व्हिसावर आलो. एजंटला १४ लाख दिले, त्यातले ६ आईचे दागिने मोडून आणि बाकी सोसायटीचं आणि पाहुण्यांकडून. कागदावर आठवड्याला ३९ तास होते, पहिल्या चार महिन्यांत कधी १२ तास कधी ९, एक आठवडा तर शून्य. विचारलं की मॅनेजर म्हणायचा स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी मालकाची हमी) काढू का. मग एक दिवस कंपनीचं परदेशी माणसं स्पॉन्सर करायचं लायसन्सच गेलं आणि माझ्या हातात ६० दिवसांचं पत्र आलं, तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत जा.

मी एकटा नाहीये. जुलै २०२२ पासून ४७० च्या वर केअर कंपन्यांची स्पॉन्सर लायसन्स सरकारने काढून घेतली आणि ३९ हजारांवर लोक त्यात अडकलेले. मार्च २०२४ पासून नवीन येणाऱ्यांना बायको-पोरं आणायची बंदी, आणि कायम राहण्यासाठी आमच्यासारख्यांना ५ च्या जागी १५ वर्षं असा प्रस्ताव २०२५ मधे आला. म्हणून 'प्रोव्हायडरला (एजन्सीवाल्यांना) मदत' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मदत द्यायची तर आम्हाला द्या.

सातपुडा
मला तर वाटतं व्हिसा आधीच बंद करायला हवा होता. फेब्रुवारी २०२२ ला केअररसाठी दार उघडलं तेव्हा कारण खरं होतं, २०२१-२२ ला १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. पुढे स्किल्स फॉर केअर या संस्थेचे आकडे बघा, २०२३-२४ मधे बाहेरून १ लाख ५ हजार लोक आले, २०२४-२५ मधे ५० हजार, रिकाम्या जागा १ लाख ११ हजारांवर उतरल्या. पण त्याच एका वर्षात ब्रिटिश नागरिक ३० हजारांनी कमी झाले या कामातून. जी बाई सुपरमार्केटमधे तेवढ्याच पैशात गरम जागेत उभी राहू शकते ती पहाटे साडेसहाला पावसात गाडी काढून कुणाचं पॅड बदलायला का जाईल? पगार न वाढवता माणसं मिळत होती तोपर्यंत कुणी पगार वाढवलाच नाही.

रानजाई
सातपुडा, पगार मी वाढवू कुठून ते सांगा ना. किराणा दुकानवाला तेल महागलं की भाव वाढवतो, माझं गिऱ्हाईक एकच आहे आणि भाव तेच ठरवतं. वर कौन्सिलकडेही पैसा नाही.

आणि @भीमथडी, तुमच्याबरोबर झालं ते वाचून वाईट वाटलं, खरंच. असल्या कंपन्यांमुळेच आमच्यावर पण संशय येतो.

उंबरठा
मी ना एजन्सीवाली ना केअरर, मी घेणाऱ्या बाजूची. सासूबाईंना डिमेंशिया आहे, ४० वर्षं इथे बँकेत नोकरी केलेली बाई आता इंग्रजी विसरत चाललीये, मराठीच बोलते आणि तेही माहेरचं, नगरकडचं. आधी येणाऱ्या मुली चांगल्या होत्या पण हॉइस्टमधे (माणूस उचलायच्या यंत्रात) उचलताना त्या इंग्रजीत समजवायच्या आणि आई घाबरून त्यांचे हात ओरबाडायच्या. मग आपल्याकडची एक मुलगी आली, "आजी, जरा कूस बदलूया का, पाठ पुसते" एवढंच म्हणाली आणि आईंनी हात सैल सोडले. ती मुलगी याच व्हिसावर आलेली आहे. तेव्हा दार बंद झालं ते बरं झालं असं मला तरी म्हणवत नाही.

पैशाचं पण सांगते. २३,२५० पाउंडांच्या वर बचत असली की सगळा खर्च आपला, आणि ही मर्यादा २०१० पासून हललेली नाही. आयुष्यभराच्या केअर खर्चाला ८६ हजारांची कमाल मर्यादा येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो, ती जुलै २०२४ ला रद्द केली. केअर होमबद्दल तर २०१७ मधे सरकारच्या स्पर्धा प्राधिकरणानेच (CMA) सांगितलं होतं की त्याच होममधे स्वतः भरणारे कौन्सिलपेक्षा सरासरी ४१ टक्के जास्त देतात. म्हणजे कौन्सिल कमी देतं ते आमच्यासारख्यांकडून भरून काढतात. आम्ही देतोय पण त्यातलं त्या मुलीला किती मिळतं ते मला कधी कुणी सांगितलं नाही.

भीमथडी
वहिनी तेच तर. मी सांगतो किती मिळतं. सकाळी सहाला निघायचो रात्री दहाला घरी, १६ तास बाहेर, पगार साडेआठ तासांचा. एका कॉलवरून दुसऱ्या कॉलला जायचा वेळ किमान वेतन काढताना मोजायलाच लागतो असा कायदा आहे पण पेस्लिपवर तो कुठेच दिसायचा नाही. १५ मिनिटांचा कॉल असायचा, तेवढ्यात माणसाला उठवून टॉयलेटला नेऊन परत बसवायचं, चहा करून द्यायला उशीर झाला तर पुढचे सगळे लेट.

आणि रानजाई ताई, भाव कौन्सिल ठरवतं हे अर्धंच खरं आहे. टेंडर तुम्ही भरता. २५ ला परवडत नाही हे माहीत असून सही करता, कारण नाही केली तर शेजारची एजन्सी २४ ला करेल. तो फरक कुठून तरी निघतो ना. तो आमच्या प्रवासाच्या वेळातून निघतो.

सातपुडा
+१. मी आधी जे म्हणत होतो त्यात हे सुटलं होतं. सरकारने पैसे द्यावेत पण एका अटीवर, प्रवासाचा वेळ पेस्लिपवर वेगळा दाखवायचा. न दाखवणाऱ्याला एक पेनी देऊ नये.

रानजाई
दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण भीमथडी तुमचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. माझ्या मुलींचा प्रवासाचा वेळ मी देते, पेस्लिपवर आहे. पण तो मी ठरवलेल्या मिनिटांनी देते, दोन कॉलमधे ७ मिनिटं धरलेली असतात आणि शाळा सुटायच्या वेळेला तिथे १५ लागतात हे मला पण माहितीये. काल तीन मुलींच्या गाडीत बसून पूर्ण राउंड केला, घड्याळ लावून. दिवसाला एकेकीचे ४० ते ५५ मिनिटं बुडतायत.

सातपुडांची अट मला मान्य आहे, वेगळं दाखवायलाच हवं. पण व्हिसाबद्दल माझं मत बदललेलं नाही, उंबरठा म्हणतायत तशी मुलगी मला इथे जाहिरात देऊन मिळणार नाही. निदान जे आधीच इथे येऊन अडकलेत त्यांना घेता येतं, २०२८ च्या जुलैपर्यंत. भीमथडी, तुमच्याकडे सध्या स्पॉन्सर आहे का? नसेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, रोटा (कामाचं वेळापत्रक) आणि पेस्लिप आधी दाखवते, मग ठरवा.

कौन्सिलचं नवीन टेंडर शुक्रवारी भरायचंय. मागच्या वेळी २४.८० लिहिले होते. या वेळी ती ५० मिनिटं धरून हिशोब केला तर ३१ च्या खाली येतच नाही. ३१.१५ लिहिणार आहे. काम गेलं तर १७ जणींचे तास जातील, हे त्यांना उद्या सकाळी बसवून सांगणार आहे.