काटकसर जमतेय, चिडचिड जात नाही. मदत हवी आहे

हिशेबाचीवही | १९ तारीख, रात्री ११:४०
बजेट कसं करायचं हे कृपया सांगू नका. वही आहे, दोन वर्षं रोज लिहितेय, पै न् पै लागते. खर्च खरोखरच कमी झालाय. त्याबद्दल प्रश्नच नाही.

प्रश्न असा की दिवसभर माझ्या तोंडून एकच शब्द निघतो, ‘नको’. मग ‘नंतर’. मग ‘बघू’. संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलायच्या अवस्थेत मी नसते. नवरा म्हणतो, पॉझिटिव्ह राहा. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, अशी कृतज्ञतेची डायरी सुरू केली होती. चौथ्या दिवशी बघते तर दुसऱ्या गोष्टीपुढे मी आकडा टाकलेला.

काटकसरीत राहूनही ज्यांचं डोकं शांत आहे त्यांनी सांगा, नक्की करता काय? लांबण नको. आज १९ तारीख आहे एवढं लक्षात घ्या.

उडतापतंग | रात्री ११:५२
घरात माणसं किती? कमावणारे किती? कर्ज आहे का? आणि ही ओढाताण किती दिवसांची, सहा महिने की कायमची? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कोवळंऊन | सकाळी ५:१०
ताई, सगळा खेळ मनाचा असतो. पहाटे उठून आरशासमोर ‘माझ्याकडे सगळं भरपूर आहे’ असं एकवीस वेळा म्हणा. स्वानुभव आहे. चाळीस दिवसांत फरक पडतो.

आडमुठा | सकाळी ७:३०
@कोवळंऊन, १९ तारखेला हे आरशाला सांगितलं तर आरसाही हसेल हो.
चेष्टा सोडा, पण यावर प्रयोग झालाय. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांचा, २००९ साली छापून आला. आधीच स्वतःबद्दल मत वाईट असलेल्या लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकायला लावलं, तर ते न घोकणाऱ्यांपेक्षा जास्त खट्टू झाले. जे खरं वाटत नाही ते घोकलं की मन आतून उलट हिशेब मांडायला लागतं.

कोवळंऊन | सकाळी ७:४५
प्रत्येक गोष्टीला प्रयोग कशाला लागतो? मला फायदा झाला, मी सांगितलं.

आडमुठा | सकाळी ७:४८
तुम्हाला झाला कारण तुमचं बरं चाललं होतं.

कोवळंऊन | सकाळी ७:५०
माझं काय चाललं होतं हे तुम्हाला कसं माहीत?

हिशेबाचीवही | सकाळी ८:०५
भांडू नका इथे. @उडतापतंग, घरात चौघं. मी, नवरा, मुलगी, सासूबाई. दोघंही कमावतो. कर्ज नाही, हप्ते आहेत.

उडतापतंग | सकाळी ८:०९
ताई, हप्ता कर्जाचाच असतो.

गणितवेडा | सकाळी ८:३०
आता मुद्द्याचं बोलू. हप्ते कशाचे, व्याजदर किती, बाकी किती महिने? दोन पद्धती आहेत. एकात सगळ्यात चढा व्याजदर आधी संपवायचा, दुसरीत सगळ्यात छोटी रक्कम आधी. पहिलीत पैसे वाचतात. दुसरी निव्वळ मनाच्या समाधानासाठी.

मधलीसुट्टी | सकाळी ८:४१
@गणितवेडा, ताईंनी समाधानाबद्दलच तर विचारलंय. आम्ही दुसरीने गेलो. पहिलं छोटं कर्ज संपलं त्या दिवशी मी ती पावती पाकिटात घालून फिरत होते. चार पैसे व्याज जास्त गेलं असेल, जाऊ दे. वहीतली एक ओळ कायमची खोडायला मिळते.

गणितवेडा | सकाळी ८:४४
चार पैसे नसतात ते. पण ठीक.

हिशेबाचीवही | सकाळी ९:१५
वॉशिंग मशीनचे सात हप्ते राहिलेत. बाकी क्रेडिट कार्डाचं आहे, त्याची किमान रक्कम न चुकता भरते. एकदाही उशीर नाही. पण मी हे विचारलेलंच नाहीये!!

गणितवेडा | सकाळी ९:२२
थांबा थांबा. किमान?
समजा कार्डावर १०० बाकी आहेत, व्याज महिना ३ टक्के आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के. महिनाअखेर १०३ होतात. त्यातले ५.१५ तुम्ही भरता. उरतात ९७.८५. म्हणजे पाचाच्या वर भरून कर्ज जेमतेम दोनने उतरतं. या वेगाने बाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात, तेही कार्डावर एकही नवी खरेदी न करता. आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत दुप्पट. ७२ ला व्याजदराने भागा, दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. इथे ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने.
तुमच्या कार्डाचे आकडे वेगळे असतील, पण दुखणं हेच. घरभर काटकसर चाललीय आणि न्हाणीघरातला नळ उघडा.

हिशेबाचीवही | सकाळी ९:४०
३२ महिने?

गणितवेडा | सकाळी ९:४१
हो. थोडी ठरावीक जादा रक्कम दर महिन्याला टाका, मग बघा काळ कसा झरझर घटतो. किमान रक्कम टक्क्यांत असते, बाकी उतरली की तीही उतरते. तुम्ही मात्र आज भरताय तोच आकडा शेवटपर्यंत धरून ठेवा. एवढ्यानेसुद्धा फार फरक पडतो.

स्वप्नातलंघर | सकाळी १०:०२
ताई, खर्च कमी करण्यापेक्षा उत्पन्न वाढवा. मी घरबसल्या एक काम करते, गुंतवणूक अगदी थोडी. व्यनि (खासगी निरोप) करा, माहिती देते.

उडतापतंग | सकाळी १०:०४
आल्याच या. संपादक, लक्ष द्या.

दुपारचीझोप | दुपारी १:२०
मी जरा वेगळं सांगते. ही चिडचिड म्हणजे स्वभावाचा दोष असं समजू नका. तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन वगैरे मंडळींचा. त्याच शेतकऱ्यांची तोडणीआधी, हात तंगीत असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली. माणसं तीच, पण तंगीच्या दिवसांत गुण कमी. चणचण असली की डोक्याचा एक कोपरा सतत तिथेच अडकलेला असतो, बाकीच्यासाठी जागा उरत नाही.

आडमुठा | दुपारी १:३५
त्या अभ्यासावरही आक्षेप घेतले गेलेत बरं का.

दुपारचीझोप | दुपारी १:३७
घेतले गेलेत. पण १९ तारखेला दुकानात उभं राहून बघा, पटेल.
माझा मुद्दा पुढे आहे. दिवसातून चाळीस वेळा ‘घ्यावं की नको’ ठरवत बसलात तर डोकं शिणणारच. म्हणून जमेल तेवढं एकदाच ठरवून टाका. आमच्याकडे कपडे वर्षातून दोनदाच घेतात, कोणत्या महिन्यात तेही ठरलेलं. मधल्या दिवसांत मी दुकानाकडे बघतच नाही, त्यामुळे ‘नको’ म्हणायची वेळच येत नाही. दुकानांच्या जाहिरातींचे मेसेजही बंद केले.

मधलीसुट्टी | दुपारी २:००
आणि प्रत्येकाला थोडे बिनहिशेबी पैसे द्या. अगदी थोडे, पण कुणी विचारायचं नाही. वहीत एकच ओळ, ‘हातखर्च’.

गणितवेडा | दुपारी २:०३
कार्डाचं कर्ज अंगावर असताना मौजेला पैसे? जो पैसा तिकडे घातला असता तो इथे उडवायचा?

मधलीसुट्टी | दुपारी २:०६
दादा, वाफेला वाट ठेवली नाही की एक दिवस झाकणच उडतं. मग जे जातं ते हातखर्चाच्या दसपट असतं.

हिशेबाचीवही | दुपारी २:३०
हे मात्र खरं आहे. दीड महिन्यापूर्वी रात्री एक वाजता फोनवरून सोफ्याच्या उशांचे चार अभ्रे मागवले. वहीत ‘किरकोळ’ म्हणून लिहिले.
आमच्याकडे सोफा नाही.

उडतापतंग | दुपारी २:३१
🙏🙏

कोवळंऊन | दुपारी २:३८
ताई, हसले, पण तुम्हाला नाही हो. माझ्याकडे योगासनांच्या तीन चटया आहेत.

आडमुठा | दुपारी २:५०
अभ्रे आले की त्यांना शोभेल असा सोफा हवासा वाटतो. अठराव्या शतकातल्या दिदरो या फ्रेंच लेखकाचं हेच झालं होतं. भेट म्हणून नवा अंगरखा आला, मग त्यापुढे खोलीतलं जुनं सामान भिकार दिसायला लागलं आणि एकेक वस्तू बदलत गेली. शेवटी जुन्या अंगरख्याच्या आठवणीने हळहळत बसला. तुमचे अभ्रे आधी परत करा.

दुपारचीझोप | दुपारी २:५२
दीड महिना झालाय, आता कोण परत घेतंय? आणि फोनवर कार्डाचा नंबर साठवलेला असेल तर तो काढा. रात्री एक वाजता उठून सोळा आकडे घालायचा कंटाळा येतो, तोच कंटाळा वाचवतो.

जुनंखोड | सायंकाळी ६:१५
सगळं वाचलं. मुली, एक विचारतो. ती वही घरात कोण कोण बघतं?

हिशेबाचीवही | सायंकाळी ६:४०
मीच. का?

जुनंखोड | सायंकाळी ७:०५
मग ‘नको’ पण एकट्या तूच म्हणत असशील. मुलगी काही मागते, तू नाही म्हणतेस. सासूबाई सुचवतात, तू नाही म्हणतेस. नवरा बाहेर जाऊ म्हणतो, पुन्हा तूच. तिघं मागणारे आणि नाकारणारी एक. चौघांचा नकार एकटीच्या घशातून काढायचा तर घसा बसणारच गं.
निवृत्तीनंतर मी आमच्या घरात हेच केलं. तिजोरीची किल्ली माझ्याकडे, हिशेब माझ्याकडे, मला वाटे मी सगळ्यांचं ओझं उचलतोय. बायको एक दिवस म्हणाली, तुम्ही घरात आलात की आम्ही गप्प होतो. मग एका कागदावर मिळकत, हप्ते, लागणारा खर्च आणि शिल्लक लिहून तो कपाटाच्या दारावर लावला. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक जण मागायच्या आधी कागद बघायचा. माझ्यावर कुणी रुसलं नाही, कागदावर रुसले.

हिशेबाचीवही | सायंकाळी ७:३०
मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला कशाला हे?

जुनंखोड | सायंकाळी ७:४२
कर्जाचे आकडे नको सांगूस. शिल्लक किती आणि ती कशावर घालायची, एवढं कळतं अकराव्या वर्षी. तू सांगितलं नाहीस तर तिला वाटेल आई उगाच नाही म्हणते.

कोवळंऊन | रात्री ९:१०
आडमुठे दादा, प्रयोगच हवा ना, मीही शोधला. एमन्स आणि मॅककलफ यांचा, २००३ सालचा. त्यांच्या पहिल्या प्रयोगात लोकांनी कृतज्ञता आठवड्यातून एकदाच लिहिली होती, रोज नाही. ताई, तुम्ही रोज लिहीत होतात म्हणून ती वहीसारखी झाली असेल. आठवड्यातून एकदा करून बघा, आकडे न टाकता.

आडमुठा | रात्री ९:१४
हे बरं शोधलंत.

लाजाळू | रात्री १०:००
धाग्याशी संबंध नाही, पण इथे मशीनचा विषय निघालाय म्हणून विचारते. आमचं वॉशिंग मशीन पिळताना खोलीभर चालत येतं. दुरुस्तीवाला बोलावू की नवीन घेऊ?

हिशेबाचीवही | ३ तारीख, रात्री १०:२०
लिहायला उशीर झाला. कागद फ्रिजवर लावला. नवरा त्यापुढे बराच वेळ उभा होता, मग म्हणाला, “किमान म्हणजे किमानच भरतो आपण?” मी म्हटलं, हो. आता ठरावीक रक्कम भरायची ठरलीय, तिकडचे आकडे तो बघणार आहे. पॉझिटिव्ह राहा, असं तेव्हापासून एकदाही म्हणाला नाही.
हातखर्च सुरू केलाय, चौघांना सारखा. सासूबाई म्हणाल्या, मला नको. मग दुसऱ्या दिवशी मागून घेतला.
मैत्रिणींच्या सहलीला यंदा ‘काम आहे’ न म्हणता ‘परवडत नाही’ असं सांगितलं. पलीकडे जरा शांतता झाली. मलाही बरं वाटलं नाही. पण खोटं काम शोधावं लागलं नाही, एवढं खरं.
चिडचिड आहेच, पण परवा मुलीवर ओरडताना मध्येच थांबले. अभ्रे तसेच आहेत. कुणाला हवेत का? नवेकोरे.

उडतापतंग | रात्री १०:२६
रंग कोणता?

गणितवेडा | रात्री १०:३१
ठरावीक किती भरताय, आकडा टाका, महिने काढून देतो.

जुनंखोड | रात्री १०:४५
@लाजाळू, नवीन घेऊ नकोस इतक्यात. आधी मशीनचे चारही पाय जमिनीला नीट टेकलेत का ते बघ. एखादा अधांतरी असेल तर खालून फिरवून सारखा कर आणि वरचा नट आवळ. मशीन नवं असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट (नेताना आतलं हलू नये म्हणून लावलेले) काढलेत ना, तेही बघ. आमचं तेच होतं.

लाजाळू | ४ तारीख, सकाळी ८:१२
काका, बोल्ट काढलेलेच नव्हते!!! तीन वर्षं!