अडीच वर्षांचं मिनिएचर घोडं गाडीला बुजलंय, आता काय करू?

ओहायोचा_हौशी_शेतकरी:
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी घोड्यातला माणूस नाही, आयटीतला आहे. ओहायोत कोलंबसच्या बाहेर पाच एकर जागा घेतली, मग जागा आहे म्हणून कोंबड्या, कोंबड्या आहेत म्हणून बकऱ्या असं करत करत गेल्या वर्षी लेकीच्या हट्टापायी मिनिएचर घोडा आला. नाव लाडू. खच्ची केलेला आहे, आत्ता अडीच वर्षांचा, उंची ३३ इंच (इथे मिनिएचरची उंची आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे मोजतात, आमच्या नोंदणीच्या नियमाने ३४ इंचांपर्यंत चालते), वजन टेपने मोजलं तर साधारण २०० पौंड, म्हणजे ९० किलो धरा. लेक ११ वर्षांची आहे, तिला त्याच्यावर बसता येणार नाही हे पहिल्याच दिवशी कळलं म्हणून ठरलं की गाडी ओढायला शिकवू, फोर-एच म्हणून इथे मुलांचा क्लब असतो, त्यात तिच्या वयाची बरीच पोरं मिनी घेऊन गाडी चालवतात.

तर झालं असं की शेजाऱ्यांकडून जुनी दोन चाकी लोखंडी गाडी आणि साज उसना आणला. मी व्हिडिओ बघून साज चढवला, लाडू शहाण्यासारखा उभा. गाडी जोडली, रिकामीच, मी मोहरकी धरून चालवत होतो, पहिली पाच मिनिटं एकदम मस्त, मी मनात म्हटलं एवढं सोपं असतं होय. आणि मग आमचा ड्राइव्हवे थोडा उतरता आहे तिथे गाडी आपोआप पुढे आली आणि पुढची आडवी दांडी त्याच्या मागच्या पायांवर बसली. तो जो उधळला तो माझ्या हातातून दोर सुटून थेट कुंपणापर्यंत, गाडीची एक दांडी वाकली. नशीब लेक गाडीत नव्हती. लाडूला थोडं खरचटलं, बाकी ठीक आहे.

पण आता चार आठवडे झाले, मागून साधी कचऱ्याची चाकवाली पेटी गडगडत आली तरी तो थरथरतो. तोंडात लगाम घातला की डोकं झटकत राहतो. लेक रडते, बायको म्हणते विका. कायमचा बिघडला का तो? की वय कमी आहे? कुणी घोडागाडी शिकवलीय का खरोखर?

पेनसिल्व्हेनियाची_मावशी:
अहो विकू नका हो, काही बिघडलेला नाही. माझ्याकडे दोन मिनी आहेत, दोघांनाही मीच गाडीला लावलं. एक विचारते, त्या साजात मागच्या मांड्यांवरून आडवा जाणारा पट्टा होता का? ब्रीचिंग म्हणतात त्याला. तुमच्या वर्णनावरून तो नव्हताच किंवा सैल होता.

ओहायोचा_हौशी_शेतकरी:
नव्हता. मला वाटलं तो शोभेचा असतो 😐

पेनसिल्व्हेनियाची_मावशी:
तोच तर ब्रेक! अशा छोट्या गाडीला दुसरा ब्रेक बहुतेक नसतोच, उतारावर गाडी जी पुढे येते ती त्या पट्ट्यावर तोलली जाते आणि घोडा स्वतःच्या पुठ्ठ्यांनी तिला मागे धरतो. पट्टा नाही म्हटल्यावर गाडी सरळ त्याच्या पायांवर. त्याच्या बाजूने विचार करा, डोळ्यांना झापडं लावलेली म्हणजे मागचं काही दिसत नाही, आणि पाठीमागून कुणीतरी पाय धरला. घोडा पळण्यासाठीच बनलेला प्राणी आहे, तो पळाला, त्यात त्याची काही चूक नाही. तुमची पण फार नाही म्हणा, पण पाच मिनिटांत झालं म्हणजे शिकला असं धरून चाललात ती मात्र आहे.

आता गाडी विसरा. दोन-तीन महिने तरी विसरा. वयही अडीच आहे, बहुतेक लोक तीन पूर्ण झाल्याशिवाय वजन ओढायला लावत नाहीत, तेव्हा तसाही वेळ आहेच तुमच्याकडे. तोवर त्याला लांब लगामाने मागून चालवायला शिका, म्हणजे तुम्ही त्याच्या मागे, जरा बाजूला आणि लाथेच्या टप्प्याच्या बाहेर, हातात दोन लांब दोर आणि नुसतं चालायचं. अंगण, रस्ता, टपालपेटी, शेजारचं कुत्रं, सगळं दाखवत. माझ्या थोरल्याला मी अशीच रोज वीस मिनिटं फिरवायची, शेजारी हसायचे की बाई घोड्यामागून चालते, घोड्यावर का बसत नाही. यात तो तीन गोष्टी शिकतो: आवाजावर चालणं, आवाजावर थांबणं, आणि थांबून उभं राहणं. तिसरी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची. गाडीला जोडताना जो घोडा दोन मिनिटं स्वस्थ उभा राहू शकत नाही त्याला जोडायचंच नाही.

आणि भीतीचं म्हणाल तर ती कचऱ्याची पेटी त्याच्या मागून आणू नका, त्याच्या पुढून न्या. लेकीला सांगा ती पेटी ओढत पुढे चाल, आणि तुम्ही लाडूला घेऊन मागे मागे, अंतर ठेवून. जी गोष्ट आपल्यापासून लांब पळते तिची भीती राहत नाही, उलट उत्सुकता वाटते. जवळ जायचा हट्ट तुम्ही करू नका, तोच करेल. मग काही दिवसांनी पेटी बाजूने, आणि अगदी शेवटी मागून.

मिरजेचा_टांगेवाला:
आजोबांचा टांगा हुता मिरजेत, स्टेशनपासनं दर्ग्यापर्यंत सवारी मारायचे. मी लहानपणी बगितलंय नवं घोडं कसं लावायचे ते. आमच्यात झापडं आधी लावत न्हवते. आधी घोड्याला डोळ्यानं बगू द्यायचं काय येतंय मागनं, चाक हातानं फिरवून दावायचे, हुंगू द्यायचे. मग नुसत्या दोरानं एक लाकडाचा ओंडका मागं बांधून नांगरलेल्या रानात फिरवायचे, नांगरटीत पाय रुततात, घोडं उधळलं तरी लांब पळत न्हाई, दमून आपसूक थांबतंय. दुसरं म्हंजे जुन्या शहाण्या घोड्याशेजारी बांधून चालवायचं, ते शिकवतंय त्याला माणसापेक्षा लवकर.

अजून एक बगा, तुमची गाडी वाकडी तोलली असंल. दोन चाकी गाडीत बसणारा माणूस मागं सरकला की गाडी उलाळ हुते, दांड्या वर उचलतात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो. पुढं जड झाली की सगळा भार पाठीवर. आजोबा सवारी बसल्यावर दांडीखाली दोन बोटं घालून बगायचे, दांडी हलकी लागली पायजे, तरंगल्यागत, मगच च्यक च्यक.

पेनसिल्व्हेनियाची_मावशी:
दादा तोल आणि दोन बोटांचं अगदी खरं, इथे पण तसंच बघतात. पण ओंडका बांधून उधळू द्यायचं मात्र मी नाही करणार. दमून थांबलेला घोडा शिकला असं नाही, तो फक्त दमला. मी गाडीच्या दांड्यांची सवय व्हायला प्लंबिंगचे दोन पांढरे पाइप वापरते, दोन्ही बाजूंनी माणसाने हातात धरलेले, साजाला बांधलेले नाहीत. घाबरला की हात सोडायचा, पाइप खाली, काही अडकत नाही.

झापडांचं मात्र मान्य. आधी उघड्या डोळ्यांनी, मग झापडं.

मिरजेचा_टांगेवाला:
ताई बरोबर हाय तुमचं, आमच्याकडं पोट त्याच्यावर हुतं, तीन महिने घोडं बसवून खायला घालणं परवडत न्हवतं. तुमचं हौसेचं हाय, तुमी सावकाश करा.

प्राणीप्रेमी_ठाणे:
मुळात ९० किलोच्या जनावराला गाडीला जुंपायचंच कशाला? मुंबईत हायकोर्टाने २०१५ ला व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या त्या उगीच नाही. मुलीची हौस म्हणून मुक्या जीवाला त्रास.

पेनसिल्व्हेनियाची_मावशी:
व्हिक्टोरियाचे घोडे डांबरी रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये, धड तबेले नसताना तासन्‌तास राबायचे, त्याची याच्याशी तुलना नको. मिनी घोडा नुसता बांधून खायला घातला तर लठ्ठ होतो आणि लठ्ठपणातून त्याचे खूर जातात, ते हाल बघितलेत मी. सपाट जागेवर, चांगल्या चाकांच्या हलक्या गाडीत ११ वर्षांची पोर हा त्याला जाच नाही. मोठा माणूस बसला तर मात्र मी पण तुमच्या बाजूने भांडेन.

पशुवैद्य_पुणे:
जरा मध्येच घुसतो. सगळे साजावर बोलताय, पण त्यांनी लिहिलंय की लगाम घातला की डोकं झटकतो, तिकडे कुणी बघितलं नाही. अडीच वर्षं हे घोड्याचे दुधाचे दात पडायचं वय आहे, पुढची पहिली जोडी याच सुमारास बदलते आणि दाढांवरच्या दुधाच्या टोप्याही (नवी दाढ येताना वर उरलेलं दुधाच्या दाढेचं कवच) सैल व्हायला लागतात. शिवाय काहींना वरच्या दाढांच्या अगदी पुढे छोटा लांडगेदात असतो, लगामाचं लोखंड नेमकं तिथे लागतं. मिनीचं तर अजून अवघड, जबडा छोटा आणि त्यामानाने दात मोठे, त्यामुळे तोंडात गर्दी. सगळी भीतीच असेल असं धरू नका, डेंटिस्टला किंवा घोड्याच्या डॉक्टरला तोंड दाखवा आणि तोवर लगामाचं लोखंड काढून नुसत्या मोहरकीला दोर लावून चालवा.

हाडांचं म्हणाल तर गुडघ्यावरचं हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतं आणि पाठीचे मणके त्याच्याही बऱ्याच नंतर पक्के होतात. छोटा घोडा लवकर तयार होतो असा लोकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. उंची लवकर थांबलेली दिसते म्हणून हाड पक्कं झालं असं नाही.

आणि आता व्यायाम सुरू झाला म्हणून किंवा जाड दिसतो म्हणून कुणाचं ऐकून त्याचं खाणं एकदम तोडू नका. मिनी आणि गाढवं यांना उपास सोसत नाही, अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बिघडतं आणि दगावतात. हळूहळू कमी करायचं, गवत मोजून द्यायचं, धान्य बहुतेकांना लागतच नाही.

ओहायोचा_हौशी_शेतकरी:
डॉक्टर, मनापासून आभार, उद्याच फोन करतो. मी दातांचा विचारच केला नव्हता.

ओहायोचा_हौशी_शेतकरी:
सात आठवडे झाले, अपडेट देतो, उशिराबद्दल माफी. डॉक्टरांचं खरं निघालं, वरच्या बाजूला लांडगेदात होता, इथल्या व्हेटने काढला आणि दोन सैल टोप्या पण निघाल्या. तीन आठवडे तोंडात काहीच घातलं नाही. आता पुन्हा लोखंड घातलं तर डोकं झटकणं जवळजवळ बंद.

मावशी, कचऱ्याच्या पेटीचा प्रयोग केला. पहिले चार दिवस लेक पेटी ओढत पुढे आणि आम्ही तीस फूट मागे, तो कान टवकारून नाकाने फुर्र फुर्र. पाचव्या दिवशी तो मला ओढायला लागला पेटीकडे. दहाव्या दिवशी झाकणावर नाक ठेवून चालत होता आणि लेक ओरडतेय बाबा ह्याला आवरा. आता मागून आणली तर एक कान मागे वळतो, बस. पाइप अजून नाही, पुढच्या महिन्यात.

एक गंमत झाली. आम्ही त्याला थांबायला इथल्या पद्धतीने व्हो शिकवलं, आणि मी त्याच्या मागून चालताना कानात हेडफोन लावून आईशी बोलतो, आई भारतातून पंधरा मिनिटं सलग बोलते आणि मी हो, हो, हो. लाडू दर वेळी थांबतो! चार पावलं, हो, थांबला. दोन पावलं, हो, थांबला. लेक हसून लोळली. मग शेवटी शब्द बदलला, आता थांब म्हणतो, फोर-एचवाल्यांना विचारून घेतलं, शब्द कोणताही चालतो म्हणाले.

साजाचा प्रश्न आहे. होम्स काउंटी इथून तास-दीड तासावर आहे, तिथे आमिश लोकांची (अजून घोडागाडी वापरणारा ख्रिस्ती पंथ) साजाची दुकानं आहेत. चामड्याचा घ्यावा की बायोथेनचा, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेल्या पट्ट्यांचा?

पेनसिल्व्हेनियाची_मावशी:
हो हो हो वाचून मी ऑफिसमध्ये हसले 😂

बायोथेन घ्या, पाण्याने धुतला की झालं, पहिल्या साजाला तेच बरं. लाडूला सोबत न्या किंवा मापं नीट घेऊन जा, छाती, तंगाची (पोटाखालच्या पट्ट्याची) जागा, खांद्यापासून शेपटीपर्यंत. मिनीचा म्हणून मिळणारा बराच साज जरा मोठा बसतो. ब्रीचिंग घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडायचं नाही. आणि गाडीला ज्या आडव्या दांडीला ओढायचे पट्टे अडकवतात ती मधल्या खिळ्यावर हलणारी आहे का बघा. पक्की असेल तर घोडा पाऊल टाकताना छातीपट्टा खांद्यावर घासतो आणि कातडी सोलते.

जेव्हा केव्हा गाडी जोडाल तेव्हा दोन माणसं, एक डोक्याशी, सपाट जागेवर. लगाम आणि झापडं गाडी पूर्ण सोडवून होईपर्यंत काढायची नाहीत, हे लेकीकडून पाठ करून घ्या. जोडलेल्या घोड्याची झापडं काढली आणि त्याला मागची गाडी एकदम दिसली की काय होतं ते मी एकदा बघितलंय, पुन्हा नाही बघायचं. आणि जोडलेला असताना खांबाला बांधून ठेवायचा नाही.

मिरजेचा_टांगेवाला:
पयल्या दिवशी गाडी जोडायच्या आधी त्याला जरा फिरवून आणा, घाम नको पण अंगातली मस्ती उतरली पायजे. आणि गाडी घराच्या दिशेला तोंड करून जोडू नका, घराकडं घोडं पळतंयच.

ओहायोचा_हौशी_शेतकरी:
दादा हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. आमचा ड्राइव्हवे घराकडेच उतरतो, म्हणजे मी उतार आणि घर दोन्ही एकदम दिलं होतं त्याला. मागच्या गवताच्या पट्ट्यात जोडतो आता, तो सपाट आहे. मार्चमध्ये तीन पूर्ण होतोय, तेव्हा फोटो टाकतो.