मदत हवी आहे: 'ओंबर' या जुन्या स्पॅनिश पत्त्यांच्या खेळाचं मूळ आणि नाव

सध्या इंग्रज कवी अलेक्झांडर पोपची 'रेप ऑफ द लॉक' ही कविता वाचतेय, त्यात नायिका बेलिंडा दोघांबरोबर पत्ते खेळते तो डाव ओंबरचा आहे (हा भाग त्याने १७१४ च्या आवृत्तीत वाढवलाय, १७१२ मधे नव्हता). नुसतं वाचून ओ की ठो कळेना म्हणून नियम शोधले आणि तिथेच अडकले.

तीन भिडू, आठ्या नव्व्या दश्श्या काढून ४० पानं, प्रत्येकाला ९, उरलेल्या १३ मधून नको ती पानं बदलून घ्यायची. बोली जिंकेल तो हुकूम सांगतो आणि एकटा बाकी दोघांशी खेळतो. हुकूम कुठलाही असो, इस्पिक एक्का सगळ्यात मोठा (स्पॅडिल), किल्वर एक्का तिसरा (बास्टो), आणि मधे मॅनिल, म्हणजे हुकूम काळा असेल तर दुर्री आणि लाल असेल तर सत्ती. एरवी त्या रंगातलं सगळ्यात टुकार पान थेट दोन नंबरला, हे मला जाम आवडलं!

आता प्रश्न. एक, स्पॅनिशमधे ओंब्रे म्हणजे पुरुष, मग पत्त्यांच्या खेळाला हे नाव का? दोन, इंग्लंडमधे हा खेळ कॅथरीन ऑफ ब्रगांझा या पोर्तुगीज राजकन्येमुळे फॅशनमधे आला असं वाचलं, म्हणजे जिच्या हुंड्यात मुंबई गेली तीच ना? आणि तीन, शेवटच्या हाताला बेलिंडाचा बदाम राजा समोरच्याचा बदाम एक्का खातो, हे कसं काय?

प्रतिसाद:
तिसरं आधी घेतो कारण ते सोपं आहे. हुकूम इस्पिक होता, आणि ओंबरमधे लाल रंग हुकूम नसेल तेव्हा उतरंड राजा, राणी, गुलाम, मग एक्का, दुर्री, तिर्री असं करत सत्ती सगळ्यात खाली. काळ्यात मात्र सत्ती वर, दुर्री खाली. मूळ स्पॅनिश पानांत नाणी आणि पेले हे उलटे रंग, तलवारी आणि सोटे सुलटे. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात (१२० पानं, १० रंग) पण हेच, निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा आणि निम्म्यांत एक. मला हा योगायोग वाटत नाही. स्पेनमधे पत्त्याला नाइपे म्हणतात, तो शब्द अरबी नाइबवरून आला असं मानतात, आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जे जुने मामलुक (इजिप्तच्या सुलतानांच्या काळातले) पत्ते आहेत त्यांत नाइब हे राजाच्या खालचं पान आहे, रंगही पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या.

नावाचं म्हणाल तर जो एकटा आव्हान घेतो तो 'पुरुष', "मी आहे गडी" असं म्हणून उतरल्यासारखं, आणि त्याच्यावरून खेळाचं नाव पडलं. फ्रेंचांनी पुढे आपलं 'ल' चिकटवलं, म्हणून डेन्मार्कात लोंबर. खुद्द स्पेनमधे नंतर त्रेसियो नाव रुळलं, तीन भिडूंवरून.

कॅथरीन हो, तीच. लग्नाचा करार १६६१ चा, ती इंग्लंडला पोचली १६६२ मधे. पण सगळं श्रेय तिला द्यायला मी तयार नाही, नवरा, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, १६६० पर्यंत परागंदाच होता ना, त्याच्या गोतावळ्यातल्या कुणी युरोपातून शिकून आणला असेल तरी नवल नाही.

मूळ धागाकर्ती:
वा, राजा-एक्क्याचा गुंता सुटला, धन्यवाद! गंजिफाचं डोक्यातच आलं नव्हतं. आता अजून एक, डेन्मार्कमधे लोंबर अजून खेळतात म्हणे, तिकडे राहणारं कुणी आहे का इथे? एन्त्रादा, व्होल्ते आणि सोलो या बोलीच्या प्रकारांचा हिशेब प्रत्यक्ष खेळलेल्या माणसाकडून समजून घ्यायचाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.