उन्हाळी थांबली, आता खाज सुटलीय. तेच परत आलं का?

निपाणीची सून: दोन आठवड्यांमागं उन्हाळी लागली. लघवीला बसलं की आग, चार थेंब झाले की उठायचं आणि परत जायचं. सासूबाईंनी धन्याचं पाणी दिलं. नवऱ्याच्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिक गोळ्या घरात उरल्या होत्या, त्या तीन दिवस घेतल्या. आग थांबली. आता चार दिवस झाले, खाली इतकी खाज आहे की झोप नाही. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातंय, वास नाही. दुकानात पुरुषमाणूस असतो, काय सांगून औषध मागू?

खानापूरची सिस्टर: बाई, हे तेच नाही. उन्हाळी म्हणजे लघवीच्या मार्गातले जंतू. आता आहे ती बुरशी वाटते, कँडिडा. अंगातले चांगले जंतू हिला आवरून धरतात. त्या उरलेल्या गोळ्यांनी तेच मेले, हिला रान मोकळं झालं. वॉर्डात हे मी शंभरदा पाहिलंय, आणि दरवेळी जीव तुटतो, कारण बाई लाजेपोटी घरातच काहीतरी गिळून बसलेली असते.

दुकानात नको, डॉक्टरांना दाखव. बुरशीच असली तर क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी देतील, नाहीतर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी. पाळी चुकली असेल तर आधी सांग, गरोदरपणात फ्लुकोनाझोल चालत नाही. आत साबण, डेटॉल काही लावू नकोस. डॉक्टर कन्नडच बोलत असले तर खाजेला 'तुरिके' म्हण, पांढऱ्याला 'बिळी मुट्टु', लघवीच्या आगीला 'उरीमूत्र'. एवढ्यावर त्यांना कळतं.

वडगाव पेठ: मला खाज नव्हती. पातळ, राखाडी जायचं आणि माशासारखा वास. नवऱ्याजवळ गेल्यावर जास्तच. मी बुरशीची ट्यूब दोन महिने लावली, काही फरक नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासून मेट्रोनिडाझोल सात दिवस दिलं, तेव्हा गेलं. दोन महिने देवळात जायचंसुद्धा टाळत होते मी.

खानापूरची सिस्टर: बघा, म्हणून ट्यूब अंदाजानं लावायची नाही. हिरवट-पिवळं, फेसाळ जात असेल तर ते आणखी वेगळं, त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं.

निपाणीच्या बाई, उन्हाळी परत लागली तर गोळीच्या आधी लघवी तपासायला दे. पहिली धार सोडून मधली, स्वच्छ बाटलीत. कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, दोन-तीन दिवस लागतात, पण कुठली गोळी लागू पडेल ते कळतं. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. तो जंतू किडनीपर्यंत चढलेला असतो. बसनं जायचंय म्हणून पाणी न पिणं, लघवी दाबून धरणं बंद कर. आणि खाज वरचेवर होत असेल तर शुगर बघ.

निपाणीची सून: अक्का, आईला शुगर आहे. उद्या दोन्ही दाखवते. पाळी चुकलीय का ते नीट मोजायला हवं, आत्ता कॅलेंडर काढलंय.