शब्दचर्चा: काळ हा 'भ्रम', 'भास' की 'आभास'?

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम. परवा वर्गात एका मुलीने मोबाईलवर आलेलं वाक्य वाचून दाखवलं, 'आईन्स्टाईन म्हणाले, काळ हा भ्रम आहे', आणि लगेच विचारलं, बाई मग घड्याळ काय मोजतं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तर कुठे भ्रम, कुठे आभास, कुठे माया असं मनाला येईल ते लिहिलंय. आभास तर मला चालतच नाही, कारण आमच्या पुस्तकात आरशातल्या प्रतिमेला आभासी प्रतिमा म्हणतात आणि ती काही खोटी नसते, तिचं आरशापासूनचं अंतर काढायची गणितं मुलं सोडवतात. नेमका कुठला शब्द वापरू?

—

भास म्हणा की सरळ. 'मला भास झाला' असं आपण रोजच बोलतो.

—

ताई, भास हाच शब्द बरोबर आहे, पण कशाला भास म्हणायचं ते आधी बघू, घोळ तिथेच आहे. मिशेल बेसो हा आईन्स्टाईनचा तरुणपणापासूनचा मित्र, बर्नच्या पेटंट ऑफिसात दोघं सोबत होते, आणि १९०५ च्या सापेक्षतेच्या पेपरात शेवटी आभार मानलेत ते एकट्या बेसोचे. तो मार्च १९५५ मध्ये गेला तेव्हा आईन्स्टाईनने त्याच्या घरच्यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं, आणि महिन्याभरात, १८ एप्रिलला, स्वतःही गेला. त्या पत्रात म्हटलंय ते असं की भूत, वर्तमान आणि भविष्य यांच्यातला *भेद* हा भास आहे, कितीही चिवट असला तरी. काळ भास आहे असं नाही म्हटलेलं! फॉरवर्ड करता करता लोकांनी 'भेद' गाळून टाकला.

आता भ्रम का नको? अंधारात दोरीवर साप दिसतो तो भ्रम, दिवा आणला की संपला. मृगजळ मात्र पाणी नाही हे माहीत असूनही दिसत राहतं, त्याचा फोटोसुद्धा निघतो. पत्रातला तो 'चिवट'पणा मृगजळाचा आहे, दोरीचा नाही.

आणि तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तर मराठीच्या व्याकरणातच आहे बघा. 'जेवायची वेळ झाली' आणि 'जेवायला वेळ लागला'. पहिली ती वेळ, दुसरा तो वेळ. ती वेळ म्हणजे नेमका क्षण, तो वेळ म्हणजे मधे गेलेला अवधी. सापेक्षतेने धक्का दिला तो 'ती वेळ'ला, म्हणजे लांबलांबच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का याचं उत्तर बघणाऱ्याच्या वेगावर ठरतं, त्यामुळे सगळ्या विश्वाचं मिळून एकच 'आत्ता' असं काही उरत नाही. पण एखादं घड्याळ सोबत घेऊन तुम्ही इथून तिथे गेलात तर त्या घड्याळात किती वेळ गेला यावर सगळ्यांचं एकमत होतं, बघणारा कुठूनही बघो. दुसऱ्या वाटेने गेलेल्या घड्याळात कमीजास्त गेलेला असेल, पण जो गेला तो खराच गेला.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,००० किलोमीटर वर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातात, एकूण ३८ पुढे. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो, म्हणून ही दुरुस्ती करावीच लागते. जी गोष्ट इतकी काटेकोर मोजावी लागते तिला भ्रम कसं म्हणणार?

—

यात 'परवा' पण घ्या. परवा गेलो, परवा जाईन, शब्द दोन्हीकडे सारखा, दिशा कळते ती क्रियापदावरून. न्यूटनची गतीची समीकरणं, मॅक्सवेलची वीज-चुंबकत्वाची, सगळी अशीच 'परवा'सारखी, t च्या, म्हणजे काळाच्या, जागी उणे t टाकला तरी चालतात. दिशा येते ती एन्ट्रॉपीतून, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या विस्कळीतपणातून, भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनने दाखवलं तसं. चहात दूध मिसळतं, मिसळलेलं आपोआप वेगळं होत नाही. मला हा भाग सगळ्यात जास्त विचार करायला लावतो.

एक शंका मात्र आहे. सगळ्या विश्वाला क्वांटमचे नियम लावू बघणाऱ्या १९६७ च्या व्हीलर-डेविट समीकरणात तर t च नाहीये. तिथे काय म्हणणार?

—

तिथेही भ्रम नको. एकट्या रेणूला तापमान नसतं, पण म्हणून ताप हा भ्रम आहे असं तापलेल्या पोराच्या आईला कोणी सांगत नाही. काळही तसाच खालच्या कशातून तरी वर येत असेल तर त्याला 'उद्भूत' म्हणावं. अजून ते सिद्ध झालेलं नाही, हेही मुलांना सांगा.

—

खूप आभार सगळ्यांचे. उद्या फळ्यावर 'वेळ झाली' आणि 'वेळ लागला' ही दोन वाक्यं लिहून तिलाच विचारते, यातलं घड्याळ काय मोजतं.