माझं मत आउटर वाइल्ड्सला

सगळं विसरून पुन्हा पहिल्यांदा खेळायला मिळावा असा व्हिडिओ गेम कोणता, या प्रश्नावर बहुतेकांनी स्कायरिम आणि विचर ३ ची नावं घेतली आहेत. दोन्ही मला मनापासून आवडतात, पण ते दुसऱ्यांदाही तितकेच रंगतात. वेगळे निर्णय घ्या, नवा खेळ सुरू. पुन्हा पहिल्यांदा खेळायला मिळावा असा गेम माझ्या लेखी एकच, यानातून ग्रह धुंडाळण्याचा २०१९ चा आउटर वाइल्ड्स.

त्यात दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. लेव्हल नाही, नवी शस्त्रं नाहीत, यान पहिल्या दिवशी असतं तसंच शेवटपर्यंत. वाढत जातं ते फक्त तुम्हाला कळलेलं: वाळू कुठे कधी ओसरते, जागा बदलत राहणाऱ्या क्वांटम चंद्रावर उतरायचं कसं. हे सगळं ठाऊक असेल तर शेवट एकाच फेरीत गाठता येतो. म्हणजे एकदा कळलं की शोधायला काही उरतच नाही! म्हणून ज्यांनी खेळला नसेल त्यांनी कृपया यूट्यूबवर काहीही पाहू नका. अडलात तर यानातल्या नोंदी वाचा, तेवढ्या पुरतात.

गेम-निर्माता लुकास पोपचा रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८) हा गेमही याच जातीचा. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते ओळखायचं, आणि तिघांचं अचूक जुळलं की मगच गेम ते पक्कं करतो. तो क्षण केवळ अप्रतिम. काही काळ गेल्यावर परत खेळलो तेव्हा बरीच नावं विसरली होती, त्यामुळे पुष्कळ मजा आली.

आउटर वाइल्ड्सचा नंतर आलेला जोड-भाग, एकोज ऑफ द आय, मी अजून मुद्दाम राखून ठेवलाय.